आयटीआय इलेक्ट्रिशियन झाल्यावर पुढे काय? चाकण, महावितरण की गावातलं काम?

माणदेशी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. थोरल्या बहिणीचा मुलगा यंदा शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं पूर्ण करतोय. गाव आटपाडी तालुक्यात. दाजी तीन वर्षांपूर्वी गेले, त्यामुळे 'मामा सांगेल ते' म्हणून मायलेक दोघंही माझ्याकडे बघतायत. मी डाळिंबाची बाग बघणारा माणूस, या धंद्यातलं मला कळत नाही. म्हणून इथे विचारतोय.

त्याच्यासमोर सध्या एवढं आहे:

एक ठेकेदार चाकणला नेतो म्हणतोय. हातात १४,५०० देणार, ड्युटी बारा तास, राहायचं आपलं आपण बघायचं. दुसरं, पुण्याजवळच्या एका कारखान्यात वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळू शकते, पण तिथे स्टायपेंड ९,००० च म्हणतात. तिसरं, गावातल्या वायरमनच्या हाताखाली ५०० रुपये हजेरी. आणि पोराच्या मनात महावितरणची भरती आहे. त्याचे मित्र सांगलीत खोली करून अभ्यासाला बसणार आहेत, यालाही तसंच करायचंय.

बहिणीला आज पैशाची गरज आहे हे खरं आहे. पण आज चार पैसे जास्त मिळाले म्हणून पोरगं दहा वर्षं तिथंच अडकून पडू नये, एवढंच वाटतं. या लाइनमध्ये जे प्रत्यक्ष आहेत त्यांनी खरे आकडे सांगा.

भोसरीकर | सोमवार, रात्री १०:२५

माणदेशी, मी १६ वर्षं कारखान्यांत मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन आहे. आधी भोसरी, मग रांजणगाव, आता तळेगाव. सुरुवात ४,२०० रुपयांवर केली होती, आज ओव्हरटाइम धरून ३८-४० हजार हातात येतात. माझ्याच बॅचचे दोघं अजून २० हजारांच्या आत आहेत. तिघांचा आयटीआय एकच, मार्कही उन्नीस-बीस. फरक कुठे पडला ते सांगतो.

ते दोघं पहिल्या दिवसापासून ठेकेदाराच्या हजेरीपटावर गेले. काम काय, तर ट्यूबा बदलणं, पंखे उतरवणं, केबल ओढणं. पाच वर्षांनी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्यानं ड्रॉइंग पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, हा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) का उचलत नाही सांग. त्यांना कुणी कधी पॅनलचं दार उघडूच दिलं नव्हतं.

मी एक वर्ष अप्रेंटिस होतो. तेव्हा स्टायपेंड नावालाच होता, पण आमचे एक सीनियर होते, त्यांनी मला रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास एक स्टार-डेल्टा स्टार्टर (मोठी मोटर आधी 'स्टार', मग 'डेल्टा' अशा दोन टप्प्यांत चालू करणारा) खोलायला आणि परत जोडायला लावला. सलग दोन महिने. तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीला कॉम्प्रेसर बंद पडला. मोटर चांगली, ओव्हरलोड रिले चांगला, सप्लाय तिन्ही फेजवर आहे, तरी स्टारमधून डेल्टात जाताना ट्रिप. मी टायमरचं टर्मिनल हातानं हलवलं तर स्क्रू सैल होता. एक स्क्रू. पण तो कुठे शोधायचा हे त्या दोन महिन्यांत शिकलो होतो. आजही माझा पगार त्याच शिक्षणावर चालतो.

आता हिशेब. अप्रेंटिसशिप नियमांच्या २०१९ च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्या अप्रेंटिसला किमान ७,००० ठरवले होते. मोठे कारखाने त्याहून जास्त देतात, कॅन्टीन आणि बसही असते. म्हणजे ९,००० वाईट नाही. १४,५०० मधून खोलीचे २,५००, मेसचे ३,५००, जाण्यायेण्याचे हजार काढा. उरले साडेसात. अप्रेंटिसला जेवण-बस धरली तर उरणाऱ्या पैशात फरक दोन हजारांचाच पडेल. आणि बारा तासांची ड्युटी असेल तर आधी विचारा की वरच्या चार तासांचे पैसे वेगळे आहेत का. कारखान्यात ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे. १४,५०० बारा तासांचे असतील तर ते आठ तासांचे किती झाले ते कागदावर मांडा.

माणदेशी | सोमवार, रात्री १०:५०

भोसरीकर, असा हिशेब मी केलाच नव्हता. ठेकेदाराला फोन लावला आत्ताच. बारा तासांचेच १४,५००, ओव्हरटाइम वेगळा नाही. पीएफ कापतात का विचारलं तर म्हणाला, 'सहा महिन्यांनी बघू.'

भोसरीकर | सोमवार, रात्री ११:०५

मग तिथे पाठवू नका. पीएफ म्हणजे तुमचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की पीएफच्या नोंदीशिवाय पुढच्या कंपनीत अनुभव दाखवता येत नाही. मी स्वतः पहिल्या नोकरीतली दीड वर्षं अशीच घालवली. त्या ठेकेदाराकडे कागद मागायला गेलो तर ऑफिसच हललेलं होतं. आणि २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा लागू होतं. विजेच्या कामात हात भाजला तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न रुजू होण्याआधीच विचारायचा असतो.

पॉइंटवाला_कोल्हापूर | मंगळवार, सकाळी ७:१५

गावातल्या कामाबद्दल मी लिहितो, कारण त्याला कुणी मोजत नाही. मी २२ वर्षं घरांची वायरिंग करतोय, कोल्हापूर शहर आणि करवीर, कागल तालुका. चार पोरं हाताखाली आहेत.

आमच्याकडे काम पॉइंटवर चालतं, म्हणजे दिवा, पंखा, सॉकेट असा प्रत्येक एक पॉइंट. कन्सिल्ड वायरिंगला नुसती मजुरी, माल मालकाचा, सध्या मी पॉइंटला २२० घेतो. साध्या दोन बीएचकेला ६५-७० पॉइंट होतात, एसी, गीझर, इन्व्हर्टरची लाइन वेगळी. डीबी (घरातला मुख्य स्विचचा डबा) ड्रेसिंगचे वेगळे. एक घर म्हणजे १६-१८ हजार मजुरी, पण ती एका दमात मिळत नाही. स्लॅब पडायच्या आधी पाइप आणि फॅन बॉक्स टाकायचे, मग वीट बांधकाम होईपर्यंत थांबायचं, मग झिऱ्या (भिंतीत पाइपासाठी खाचा) मारायच्या, मग प्लास्टर, मग वायर ओढायची, रंग झाल्यावर स्विच बसवायचे. आठ-नऊ महिने एका घराचं काम चालतं. पैसेही तसेच तुकड्यांत. शेवटचे तीन-चार हजार वास्तुशांतीनंतर मागायला जावं लागतं आणि तेव्हा घरमालकाचा खिसा रिकामा झालेला असतो.

पावसाळ्यात जून ते ऑगस्ट स्लॅब बंद, म्हणजे दुरुस्तीवर दिवस काढायचे. तरीही वर्षाकाठी सरासरी काढली तर पोरांची मजुरी देऊन मला महिन्याला ४०-४५ हजार सुटतात. पण हे कधीपासून? परवाना हातात आल्यापासून. त्याआधी दहा वर्षं मी दुसऱ्याच्या सहीवर काम करत होतो. नवीन वीज जोडणीच्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घर मी वायर केलं, झिऱ्या माझ्या, घाम माझा, आणि सहीचे पैसे तिसराच घेऊन जायचा.

५०० हजेरीवर पाठवायचा असेल तर हरकत नाही, पण ज्याच्याकडे पाठवताय त्याच्याकडे परवाना आहे का आणि मेगर आहे का, एवढं बघा. वायरिंग झाल्यावर मेगरनं इन्सुलेशन तपासत नाही, अर्थिंगचा खड्डा हातभर खणून मोकळा होतो, अशा माणसाच्या हाताखाली पोरगं चुकीचंच शिकेल.

माणदेशी | मंगळवार, सकाळी ८:३०

पॉइंटवाले दादा, परवाना म्हणजे नेमका कोणता? भाच्याला विचारलं तर म्हणाला आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजेच परवाना.

निदेशक_मराठवाडा | मंगळवार, दुपारी १:४५

हा गैरसमज दर वर्षी माझ्या वर्गात असतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा शिल्प निदेशक आहे.

आयटीआयचं प्रमाणपत्र सांगतं की तुम्ही ट्रेड शिकलात. दुसऱ्याच्या घरात, शेतात, कारखान्यात वीजसंच मांडणीचं काम करायला राज्य सरकारच्या विद्युत निरीक्षकांच्या खात्याकडून परवाना लागतो. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिला तारतंत्री परवाना, म्हणजे वायरमनचा. दुसरा पर्यवेक्षकाचा. तिसरा विद्युत ठेकेदाराचा. वीज सुरक्षेचे जे केंद्रीय नियम आहेत, आधी २०१० चे आणि आता २०२३ चे, त्यात स्पष्ट आहे की असं काम परवानाधारक ठेकेदारानंच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यायचं.

भाचा आयटीआय पास झाला, निकाल हातात आला की पहिल्यांदा जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात जाऊन तारतंत्री परवान्याच्या अर्जाची कागदपत्रं समजून घेऊ दे. मुलं हे पुढे ढकलतात आणि पाच वर्षांनी गरज पडली की मूळ गुणपत्रिका शोधत फिरतात.

आता अप्रेंटिसशिपबद्दल. इलेक्ट्रिशियनच्या आयटीआय पास मुलाला ती एक वर्षाची असते. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. कारखाना अप्रेंटिसशिप कायद्याखाली, पोर्टलवर करार नोंदवून घेतोय ना, ते बघा. 'ट्रेनी' नावाखाली नुसतं कामाला लावणारे वेगळे. करार क्रमांक मागा, तो नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे.

शिक्षणही थांबवू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. माझा एक विद्यार्थी, वडील ऊसतोड कामगार, आयटीआयनंतर दोन वर्षं नोकरी, मग डिप्लोमा, आज उपकेंद्राच्या प्रकल्पावर साइट इंजिनिअर आहे. डिप्लोमा झाला की पर्यवेक्षक परवान्याची वाटही सोपी होते. रेल्वेही विसरू नका. तंत्रज्ञ ग्रेड ३ आणि सहाय्यक लोको पायलट, दोन्हीला आयटीआय चालतं, मूळ वेतन १९,९०० पासून आणि त्यावर महागाई भत्ता, घरभाडं. आपली मुलं फक्त महावितरणकडे बघतात आणि रेल्वेचा फॉर्मच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सावनेरची | मंगळवार, रात्री ८:१०

मी मुलगी आहे आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडच केलाय, म्हणून वेगळ्या कामाबद्दल लिहिते. आमच्या बॅचला आम्ही तिघी होतो. मी बुटीबोरीला पॅनल बनवणाऱ्या एका युनिटमध्ये पाच वर्षं आहे.

पॅनल वायरिंग बाहेरून कुणाला दिसत नाही, पण यात माणसं मिळत नाहीत. ड्रॉइंग समोर लावायचं, एकेका वायरला नंबरचं फेरूल (छोटी नळी) चढवायचं, टोकाला लग दाबून बसवायचं, ओढून बघायचं सुटतंय का, आणि मगच टर्मिनलला लावायचं. एका मोठ्या पॅनलमध्ये हजारभर टोकं असतात. मी पहिल्या महिन्यात एक टोक २३ च्या जागी ३२ ला लावलं होतं. टेस्टिंगला ब्रेकर बंदच होईना. सुपरवायझर रागावले नाहीत, म्हणाले तूच शोध. संध्याकाळी साडेसातपर्यंत मल्टिमीटर घेऊन एकेक वायर तपासली. तेव्हापासून फेरूल वाचल्याशिवाय स्क्रू आवळत नाही.

सुरुवात १३,००० होती, आता २६,००० आहे. ड्युटी सावलीत, आठ तासांची, खांबावर चढणं नाही. ज्यांच्या घरी मुलीला या ट्रेडला घालायची भीती वाटते त्यांनी हे काम येऊन बघावं. आणि सरकारी भरतीत ३० टक्के जागा महिलांसाठी असतात, तिकडेही आम्ही तिघी अर्ज भरतोच.

जनमित्र | मंगळवार, रात्री १०:४०

भरतीबद्दल मी बोलतो. मी लाइनवर १९ वर्षं आहे.

महावितरणची विद्युत सहाय्यकाची मोठी जाहिरात डिसेंबर २०२३ ला आली, ५,३४७ जागांची. त्यात तीन वर्षं कंत्राटी, मानधन पहिल्या वर्षी १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. तीन वर्षं समाधानकारक गेली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. मग पगार, भत्ते, पीएफ, रजा सगळं नीट. घरात असा एक पगार आला की घर उभं राहतं, हे मी माझ्याच घरात पाहिलंय. त्यामुळे पोराच्या मनातली ओढ मी चूक म्हणणार नाही.

पण माणदेशी, सांगलीत खोली करून नुसतं अभ्यासाला बसवू नका. जाहिरात दर वर्षी येत नाही. माझ्या पुतण्यानं तीन वर्षं खोलीत काढली. तिथे शिकलेलं हातातून गेलं आणि वयही गेलं. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण ट्रेडच्या प्रश्नांना असतात. हातात काम असलेल्या पोराला ते प्रश्न पाठ करावे लागत नाहीत. काम करत अभ्यास होतो, दोन तास रोज पुरतात.

आणि एक गोष्ट, जी भरतीच्या क्लासमध्ये सांगत नाहीत.

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात वादळानं ११ केव्हीची तार तुटली. आम्ही तिघं गेलो, परमिट घेतलेलं, उपकेंद्रातून लाइन बंद, एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडणारा स्विच) उघडलेला. माझ्यासोबत कंत्राटी पोरगा होता, २४ वर्षांचा. नियम असा की काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड लावायचा, डिस्चार्ज करायचं, मगच तारेला हात. रॉड गाडीत होता, गाडी बांधाच्या पलीकडे होती, अंधार पडत होता. तो म्हणाला, 'लाइन तर बंदच आहे की दादा,' आणि चढला.

खाली वस्तीवर लग्न होतं. लाइट गेली म्हणून मांडववाल्यानं जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर (एका वेळी एकच सप्लाय आत येऊ देणारा स्विच) न लावता सरळ घराच्या मीटरमध्ये जोडला. तो सप्लाय उलटा डीपीत गेला आणि डीपीनं त्याचे ११ हजार व्होल्ट केले. ट्रान्सफॉर्मरला कुठली बाजू घरची आणि कुठली लाइनची, ते कळत नाही.

तो वाचला नाही. त्याच्या आईला सांगायला मी गेलो होतो.

म्हणून भाच्याला भरतीला जरूर बसवा. पण आधी असल्या जागी वर्षभर काढू दे, जिथे बंद केलेल्या स्विचला स्वतःचं कुलूप लावून, टॅग लावून, तपासूनच हात लावायची शिस्त आहे. चांगल्या कारखान्यात ती शिस्त अप्रेंटिसला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला ती पहिली पाच वर्षं कुणी शिकवली नव्हती.

माणदेशी | बुधवार, पहाटे ५:५०

जनमित्र, तुमचं वाचून रात्री झोप आली नाही. आमच्या वस्तीवर गेल्या वर्षी यात्रेला असाच जनरेटर जोडला होता, मी तिथेच उभा होतो. आपण कुणाचा जीव धोक्यात घालतोय हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आजच मंडळाच्या पोरांना बोलावून सांगतो, चेंजओव्हर घेतल्याशिवाय यंदा जनरेटर आणायचा नाही.

पॉइंटवाला_कोल्हापूर | बुधवार, सकाळी ७:४०

घरच्या इन्व्हर्टरलाही हेच लागू आहे, चुकीचा जोडला तर तोही उलटा सप्लाय देतो. चारशे-पाचशेचा चेंजओव्हर वाचवायला लोक बघतात. मी तो नसेल तर काम सोडून येतो, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

सौरऊर्जा_नगर | बुधवार, दुपारी १२:२०

सोलर कुणी काढलं नाही अजून, म्हणून लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट. १ किलोवॅटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ किलोवॅट आणि पुढे ७८,००० अनुदान. त्यानंतर आमच्याकडे कामाला तोटा नाही. शिवाय सौर कृषी पंपांची कामं आहेतच.

मी आधी घरांची वायरिंग करायचो. आता दोन नोंदणीकृत विक्रेत्यांसाठी जोडणी करतो, किलोवॅटमागे २,००० ते २,५०० मजुरी. आम्ही तिघं मिळून ३ किलोवॅटचं काम दीड दिवसात उरकतो. स्ट्रक्चर, पॅनल, डीसी वायर, इन्व्हर्टर, अर्थिंगचे तीन खड्डे, एक डीसीचा, एक एसीचा, एक लाइटनिंग अरेस्टरचा.

मात्र नुसतं घरगुती वायरिंग येणाऱ्यानं इथे घाईनं येऊ नये. सहा पॅनल एका ओळीत जोडले की डीसी ३०० व्होल्टच्या आसपास जातो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. एसीचा ठिणगीचा चटका आणि डीसीचा चाप (आर्क, म्हणजे सलग जळणारी ठिणगी) यात फरक आहे. डीसीचा चाप तुटत नाही, वितळवत जातो. माझ्यासमोर एका पोरानं चालू लोडवर एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरा जोडणारा) ओढला, प्लास्टिक हातातच पाघळलं. बोटं वाचली हे नशीब. आधी डीसी आयसोलेटर बंद करायचा, मगच कनेक्टर.

कामाची भरती-ओहोटी योजनेवर आहे हेही खरं. अनुदान कमी झालं तर काय, हा विचार करून मी वायरिंगची जुनी गिऱ्हाइकं सोडलेली नाहीत.

दोहा_कतार | बुधवार, रात्री ९:००

आखाताचं कुणी विचारलं नाही, पण आयटीआयच्या प्रत्येक पोराला एजंटचा फोन येतोच, म्हणून लिहितो. मूळचा चिपळूणचा, इथे नऊ वर्षं. नवीन इलेक्ट्रिशियनला राहणं आणि जेवणाचा भत्ता धरून भारतातल्या ३५-४० हजारांएवढं पडतं. अनुभवी माणसाला जास्त. पण अनुभव नसलेल्याला इथे हेल्परचंच काम देतात, मग करारावर काहीही लिहिलेलं असो. निदान तीन वर्षं आपल्याकडे काम करून, एनएसी आणि अनुभवाची पत्रं घेऊन यावं.

एजंट सरकारकडे नोंदणी असलेला आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. माझ्या खोलीतल्या एकानं दीड लाख भरले होते, जमीन गहाण ठेवून. पहिलं वर्ष नुसतं व्याज फेडण्यात गेलं.

जर्मनीचंही कानावर असेल. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात इलेक्ट्रिशियन आहेत. तिकडे जायचं तर जर्मन भाषा शिकल्याशिवाय काही नाही. विशीतल्या पोराला ते जमण्यासारखं आहे, पण वर्षभर मन लावून.

भोसरीकर | बुधवार, रात्री ९:३५

दोहाकरांशी सहमत. फक्त जनमित्र यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. सरकारी नोकरी हे एकच स्थिर ठिकाण, असं पोराच्या मनात राहू देऊ नका. पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) येणारा, रात्री दोनला फोन आला तरी लाइन चालू करून देणारा इलेक्ट्रिशियन चाकणमध्ये कुठलीच कंपनी सोडत नाही. नवी मुंबईत डेटा सेंटरं उभी राहतायत, तिथे एचटी (उच्च दाबाचे) पॅनल आणि यूपीएस कळणारी माणसं हवी आहेत.

जनमित्र | बुधवार, रात्री १०:१५

भोसरीकर, तुमचं हुशार पोराच्या बाबतीत खरं आहे. पण पन्नाशीत गुडघे गेल्यावर, कंपनी दुसऱ्या राज्यात गेल्यावर काय होतं ते मी शेजाऱ्यांच्या घरी बघितलंय. बाप नसलेल्या घराला मी नियमित पगाराचाच सल्ला देईन. दोन्ही दारं उघडी ठेवू दे त्याला. वर्षभर अप्रेंटिस, जाहिरात आली की फॉर्म.

निदेशक_मराठवाडा | गुरुवार, सकाळी १०:०५

अप्रेंटिसशिपचा करार झाल्यावर पहिल्या महिन्यापासून त्याला एक वही करायला सांगा. रोज काय दुरुस्त केलं, दोष कुठे होता, कसा सापडला, चार ओळी आणि एक आकृती. माझ्याकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या अशा वह्या आहेत, एकानं मुलाखतीत तीच पुढे ठेवली होती आणि मुलाखत तिथेच संपली.

माणदेशी | शनिवार, रात्री ८:२०

मंडळी, कळवायचं राहिलं. गुरुवारी भाच्याला घेऊन तो कारखाना बघून आलो. करार पोर्टलवरच होणार आहे, नंबर मिळेल म्हणाले. स्टायपेंड ९,०००, एक वेळचं जेवण, बस. मेंटेनन्सच्या साहेबांना मी विचारलं, पॅनल उघडायला देणार का पोराला? ते म्हणाले, तीन महिने बघेल, चौथ्या महिन्यापासून हात लावेल, आणि कुलपाची स्वतःची किल्ली त्याला पहिल्या दिवशीच मिळेल. परत येताना भाचा बसमध्ये तेवढंच बोलत होता, किल्लीबद्दल.

त्याला मी हा सगळा धागा वाचायला दिला. जनमित्र, तुमचं त्यानं दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. ताईनं दोन शेळ्या विकून खोलीचं डिपॉझिट भरायचं ठरवलं होतं, ते मी थांबवलं, ते माझ्याकडे लागलं. निकाल लागला की सांगलीच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात तारतंत्रीच्या अर्जासाठी मी स्वतः त्याच्यासोबत जाणार आहे. रेल्वेचा फॉर्मही भरायचं ठरलंय.

सोमवारी हजर व्हायचंय. सेफ्टी शूज कंपनी देणार आहे, पण मल्टिमीटर स्वतःचा असावा असं त्याला वाटतं. दीड-दोन हजारांत चांगला कोणता घ्यावा, आणि घेताना काय बघावं?

भोसरीकर | शनिवार, रात्री ८:४५

खोक्यावर नाही, मीटरवर छापलेलं बघा: कॅट ३ (सुरक्षेचा वर्ग), ६०० व्होल्ट. ते नसेल तर घेऊ नका. आत सिरॅमिक फ्यूज आहे का विचारा. प्रोबची टोकं फक्त पुढची चार मिलिमीटर उघडी असावीत. बुधवार पेठेत मिळेल. रविवारी सकाळी पुण्यात येणार असाल तर कळवा, मी येतो सोबत.